कदंबकाळातलं देऊळ दुरुस्त करायचं तर आधी पाणी बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात एखाद्या जुन्या दगडी देवळाचा जीर्णोद्धार ठरला की पहिल्या बैठकीत बोलणं होतं ते रंगाचं, फरशीचं आणि कळसाचं. छताचा विषय निघतो तो गाभाऱ्यात पाणी टपकायला लागल्यावर. खरं तर पैशाचा आणि वेळेचा मोठा वाटा छतावर आणि देवळाभोवतीच्या निचऱ्यावर जायला हवा. दगडी देऊळ पाण्याने बिघडतं. पाण्याचा बंदोबस्त नीट झाला तर बाकीची पुष्कळ दुरुस्ती करावीच लागत नाही. देवस्थान कमिटीत बसणाऱ्या, वर्गणी गोळा करणाऱ्या आणि गवंड्याशी बोलणी करणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितोय, म्हणून मापं आणि प्रमाणं दिली आहेत.

आधी देऊळ कधीचं ते ओळखा

खानापूर तालुक्यातली हलशी म्हणजे जुनी पलाशिका, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी. त्यांचे ताम्रपट इथे सापडले आणि कदंब राजा मृगेशवर्म्याने पलाशिकेत जिनालय (जैन मंदिर) बांधल्याची नोंद त्यांत आहे. पुढे गोव्याच्या कदंबांच्या काळात हलशी हे 'हलसिगे बारा हजार' नावाच्या प्रांताचं ठाणं झालं. तिथलं भूवराह नरसिंहाचं देऊळ या दुसऱ्या काळातलं, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. त्याचे दोन गाभारे समोरासमोर आहेत. कित्तूरजवळच्या देगावचं कमलनारायण मंदिर गोव्याचा कदंब राजा शिवचित्त पेर्माडी याची राणी कमलादेवी हिने ११७४ च्या सुमारास बांधलं, आणि ते घडवणाऱ्या तिप्पोजाचं नावही आपल्याला माहीत आहे. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर) १२०४ ची. ती रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने बांधली. तिच्या छतातल्या कमळाच्या ७२ पाकळ्या म्हणजे भूत, वर्तमान आणि भविष्यातले प्रत्येकी चोवीस असे तीर्थंकर.

गावागावांतली बिननावाची छोटी देवळं याच घडणीची असतात. कदंब शिखर ओळखायला सोपं आहे: पायऱ्यापायऱ्यांचा चौकोनी पिरॅमिड, नक्षी फार थोडी, वर कळस. खांबांवर गोल कंगोरे दिसले, घंटेसारखा आणि घटासारखा भाग एकाखाली एक असा गुळगुळीत कातलेला दिसला, तर तो खांब लेथसारख्या यंत्रावर फिरवून घडवलेला आहे. त्यासाठी लागणारा हिरवट काळा, हाताला मऊ लागणारा क्लोराइट शिस्ट हा दगड खाणीतून निघताना मऊ असतो आणि उघड्यावर राहिला की कडक होतो. खानापूरच्या घाटाकडच्या भागात भिंती जांभ्याच्या आणि खांब शिस्टचे अशी सांगड दिसते. चिकोडी-निपाणीकडे काळा बेसाल्ट, गोकाक-सौंदत्तीकडे वाळूचा दगड. दगड कुठला हे आधी कळलं पाहिजे, कारण जांभ्याला जी दुरुस्ती मानवते ती बेसाल्टला मानवेलच असं नाही.

दाराच्या वरच्या पट्टीवर मधोमध, म्हणजे ललाटबिंबावर, गजलक्ष्मी दिसली म्हणून देऊळ लक्ष्मीचं ठरत नाही. शैव, वैष्णव आणि जैन, तिन्ही देवळांच्या दारांवर ती सापडते. मूळ देवता ठरवायची घाई करू नये. या भागात वादाला तेवढं निमित्त पुरतं.

एकाच देवळात तीन-चार काळ एकावर एक बसलेले असतात. बाराव्या शतकातला गाभारा, त्यावर मराठा अमदानीतलं विटा-चुन्याचं शिखर, पुढे मंगळुरी कौलांचा मंडप, आणि शेवटी स्लॅब. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ साली काढला, म्हणजे मंगळुरी कौलांचं छप्पर त्याच्या आधीचं असू शकत नाही. विटांचं शिखर 'मूळचं नाही' म्हणून उतरवावं असा सल्ला कुणी दिला तर मानू नये. ते भक्कम असेल तर तोही देवळाचा इतिहासच आहे, आणि ते काढल्यावर खाली मूळ दगडी शिखर शाबूत निघेल याची काहीच खात्री नसते.

परवानगी

हे कंटाळवाणं आहे, पण इथे चुकलं तर काम अर्ध्यावर थांबतं. देऊळ केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या यादीत आहे का, राज्याच्या, मुजराई खात्याकडे (कर्नाटकाचं देवस्थान खातं), की फक्त गावच्या ट्रस्टकडे, हे सातबाऱ्यासकट तपासा. केंद्राच्या यादीत असेल तर धारवाड मंडळाच्या कार्यालयाशी संबंध येतो. प्राचीन स्मारक कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. यात भक्तनिवास आणि स्वयंपाकघरही आलं. यादीत नसलेल्या देवळांसाठी राज्याचं पुरातत्त्व खातं आणि धर्मस्थळची श्री मंजुनाथेश्वर धर्मोत्थान ट्रस्ट मिळून खर्च वाटून घेतात. त्यात गावाचाही वाटा असतो. त्यांचे अभियंते आणि कारागीर या कामात मुरलेले आहेत. गावाने स्वतंत्रपणे कंत्राटदार नेमण्याआधी हा मार्ग जरूर बघावा.

खोदताना नाणं, मूर्ती, भांडं काही निघालं तर १८७८ च्या निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि काम सुरू झालं की गुप्तधनाच्या नादाने रात्री कुदळ मारणारेही येतात. नंदीखालची आणि गाभाऱ्यातली फरशी उचकटलेली अनेक देवळं आपल्या भागात दिसतात. उघडलेली जागा रात्री तशीच सोडू नये.

कागदावर आणल्याशिवाय एक दगडही हलवू नये

आराखडा १:५० चा, दार आणि खांब यांचे तपशील १:१० चे. प्रत्येक भिंतीचे फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात, मापपट्टी चौकटीत ठेवून. उतरवायच्या दगडांना सांकेतिक क्रमांक द्यायचे. पू-३-७ म्हणजे पूर्वेची भिंत, खालून तिसरा थर, डावीकडून सातवा दगड. तोच क्रमांक आराखड्यावर, फोटोवर आणि दगडावर. दगडावर तो पाण्याने निघणाऱ्या खडूने किंवा बांधलेल्या पत्र्याच्या चकतीवर लिहायचा, आणि तोही दगडाच्या न दिसणाऱ्या बाजूला. पांढऱ्या ऑइलपेंटने कोरीव भागावर टाकलेले आकडे पुढे कायम राहतात. चांगल्या जीर्णोद्धारानंतरही हे आकडे तसेच उरलेले पाहिले की वाईट वाटतं.

भेगांवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तारीख लिहून ठेवा. पट्टी तडकली तर भेग अजून चालू आहे. ही नोंद एक पावसाळा धरून वर्षभर हवी. सौंदत्ती-बैलहोंगलकडच्या काळ्या मातीत जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तिथली भेग जूनमध्ये मिटून एप्रिलमध्ये उघडू शकते. खानापूरच्या जांभ्या मातीत असं फारसं होत नाही. तिथे भेग पडली तर बहुधा पाया धुपलाय किंवा वर वजन वाढलंय.

वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) आणि शिलालेख याच टप्प्यावर शोधून ठेवायचे. ते पारावर शेंदूर लावून उभे असतात, नाहीतर विहिरीच्या काठी कपडे धुवायला आडवे टाकलेले असतात. अक्षरांवर चुन्याची पुटं असतील तर खरवडू नका. रात्री टॉर्च बाजूने धरून तिरप्या प्रकाशात फोटो काढा, दिवसा न दिसणाऱ्या ओळी उमटतात. ठसा घ्यायचा तर जाणकाराला बोलवा. ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवतात, थोडा सुकला की गादीच्या बोळ्याने शाई टिपतात. शाई आधी किंवा जास्त लागली की ती दगडात उतरते.

छत

या देवळांचं छत म्हणजे खांबांवर तुळया, तुळयांवर दगडी पाट्या, आणि पाट्यांवर विटांचे तुकडे व चुना यांचा कोबा. कोब्याला भेग पडली की पाणी पाट्यांच्या सांध्यांतून उतरतं, खांबावर काळे-हिरवे ओघळ येतात. मग गावकरी त्यावर सिमेंट काँक्रीट ओततात. दहा वर्षांनी ते तडकतं, त्यावर आणखी एक थर. याचं गणित करून पाहा. ६ मीटर बाय ६ मीटरचा मंडप, १० सेंटीमीटर जाडीचं काँक्रीट: ३.६ घनमीटर, म्हणजे साडेआठ टनांहून जास्त. दोन थरांचे सतरा टन. हे सगळं जुना कोबा न काढता त्याच्यावर. दगड दाबाला भक्कम असतो, ताणाला त्याची ताकद दाबाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. तुळई मधोमध खालून तडकते ती यामुळे. तुळईच्या खालच्या बाजूला, गाळ्याच्या मध्यावर केसाएवढी उभी रेघ दिसली की छताचं वजन उतरवणं हे पहिलं काम.

वजन उतरवण्याआधी प्रत्येक तडकलेल्या तुळईखाली लाकडी फळीवर टेकवलेले स्टीलचे प्रॉप (आधाराचे खांब) लावायचे. काँक्रीट छिन्नी-हातोड्याने फोडायचं, ब्रेकर मशीन नको. त्याची थरथर खालच्या सांध्यांत मुरते. मंडपाच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने पट्टे काढत मध्याकडे यायचं. एकच बाजू हलकी झाली तर कडेच्या खांबांवर तिरका भार येतो. फोडलेला माल छतावर साठवू नये, लगेच खाली.

नवा कोबा असा: विटांचे तुकडे २५ ते ४० मिलिमीटरचे, रात्रभर भिजवलेले, अडीच भाग. चुन्याचं मिश्रण (प्रमाण पुढे दिलं आहे) एक भाग. जाडी १० सेंटीमीटरच्या आसपास, उतार ३ मीटरला किमान ५ सेंटीमीटर. कडेला, शिखर आणि छत मिळतात तिथे, चुन्याचा गोलसर वाटा (कोपरा भरून काढणारा उतार) काढायचा. गळती बहुतेक वेळा तिथूनच होते. मग लाकडी थापीने ठोकणं. हे काम पाच ते सात दिवस चालतं, वरून हिरड्याचं आणि गुळाचं पाणी शिंपडत. थापी बद्द न वाजता टणत्कारून उसळी घेऊ लागली की कोबा बसला. कंत्राटदार दोन दिवसांत आटोपू म्हणेल. तसं केलं तर आत पोकळी राहते आणि पहिल्याच उन्हाळ्यात जाळीसारख्या भेगा पडतात.

गळतीची चाचणी छतावर पाणी तुंबवून करू नये. १० सेंटीमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला १०० किलो. पाइपने तीन-चार तास फवारा सोडा आणि आत एक माणूस वर बघत उभा करा.

चुना

सगळं काम शेवटी चुन्यावर येतं, म्हणून इथे थोडं थांबतो. बाजारात मिळणारी चुन्याची बारीक पावडर सफेदीला ठीक आहे, बांधकामाला नाही. ताजा कळीचा चुना आणा, हवा लागून भुसभुशीत झालेला परत करा. हौदात आधी पाणी घ्यायचं आणि त्यात कळ्या सोडायच्या, कळ्यांवर पाणी ओतायचं नाही. ओतलं तर उकळून अंगावर उडतो. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. एक भाग कळीला तीन भाग पाणी अंदाजे. उकळी शमली की ३ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळून खड्ड्यात साठवायचा, वर कायम चार बोटं पाणी. किमान महिनाभर मुरू द्यायचा. तीन महिने मिळाले तर उत्तम. न मुरलेल्या चुन्यात कच्चे कण राहतात. ते भिंतीत गेल्यावर फुगतात आणि गिलाव्यातून रुपयाएवढी टवकं उडतात. म्हणून दसऱ्यानंतर काम सुरू करायचं असेल तर चुना श्रावणातच भिजला पाहिजे.

पावसाच्या मुलखात नुसता चुना-वाळू पुरत नाही. बेळगाव शहरात वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कणकुंबीकडे त्याच्या कितीतरी पट. म्हणून सुरखी हवी, म्हणजे विटांची पूड. ती ओल्यातही चुन्याला कडक करते. सुरखीसाठी जुन्या घरांच्या, कमी भाजलेल्या नारिंगी विटा चांगल्या. जास्त भाजलेल्या, काळपट, काचेसारख्या विटांची पूड निकामी असते, ती नुसती वाळूचं काम करते. तपासायची रीत सोपी आहे. मुरलेला चुना आणि सुरखी समप्रमाणात मळून पेढ्याएवढ्या वड्या करा, दोन दिवस सावलीत ठेवा, मग पाण्याच्या बादलीत सोडा. तीन दिवसांनी वडी शाबूत असेल, नखाने सहज कोरली जात नसेल तर सुरखी कामाची. विरघळून तळाशी गाळ झाला तर ती गाडी परत पाठवा.

मिश्रण एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू. वाळू मुठीत दाबून सोडल्यावर हात मळला तर धुवून घ्या. कृत्रिम वाळूत दगडाची भुकटी फार असते, ती नक्की धुवावी लागते. समुद्राची वाळू कधीही नाही. चुना दळायच्या घाणीत किंवा मॉर्टर मिलमध्ये तासभर तरी दळायचं. फावड्याने कालवलेलं मिश्रण आणि दळलेलं मिश्रण यांत रात्रंदिवसाचा फरक आहे. गूळ आणि हिरडा दोन्ही मिळून चुन्याच्या वजनाच्या पाच टक्क्यांपलीकडे नको. हिरडा कुटून पाण्यात आठवडाभर आंबवतात. जुने कारागीर बेलफळ, मेथी, उडीदही घालतात. गूळ जास्त झाला की चुना आळायला उशीर लागतो आणि बुरशी धरते. 'जुन्या लोकांनी भरपूर गूळ घातला म्हणून देऊळ टिकलं' हे ऐकायला छान आहे, पण मूळ देवळाच्या दगडी भिंतींत पुष्कळदा चुनाच नसतो, दगड कोरडे एकमेकांवर बसवलेले असतात.

एका वेळी १० मिलिमीटरपेक्षा जाड थर देऊ नये. खालचा दगड आधी भिजवायचा, नाहीतर तो चुन्यातलं पाणी ओढून घेतो. त्यानंतर ओलं गोणपाट दोन-तीन आठवडे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड बनतो आणि हे काम महिन्याला काही मिलिमीटर इतक्या संथपणे चालतं. महिन्याभराने कोपऱ्यातला एक तुकडा मोडून ताज्या कडेवर फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाका. बाहेरचा भाग रंगहीन राहील आणि आतला गर्द गुलाबी होईल. गुलाबी म्हणजे तिथला चुना अजून कच्चा आहे. ही रेघ एकदा डोळ्यांनी पाहिली की गोणपाट कुणी लवकर काढत नाही. शाळेतल्या प्रयोगशाळेत हे द्रावण मिळतं.

म्हणून कामाचा हंगाम दसरा ते महाशिवरात्र. मार्चनंतरचं ऊन चुना जाळतं, जूनमध्ये पाऊस तो धुऊन नेतो. इथेच गावाची अडचण होते. महालक्ष्मीची यात्रा काही वर्षांनी एकदा येते, तारीख ठरलेली असते, आणि 'यात्रेच्या आत देऊळ तयार पाहिजे' म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत चुन्याच्या जागी सिमेंट येतं. यात्रा ठरल्याबरोबर नव्हे, त्याच्या दोन हंगाम आधी काम काढलं पाहिजे. ते जमत नसेल तर छत आणि निचरा यात्रेआधी, बाकी सगळं यात्रेनंतर. अर्धवट पण नीट झालेल्या कामावर मांडव घालून यात्रा निभावता येते.

भिंत, पाया आणि मुळं

भिंतीला दोन पदर असतात, बाहेरचा आणि आतला, मध्ये दगडगोटे आणि माती. पाणी शिरलं की मधली माती धुपून खाली बसते आणि बाहेरचा पदर पोट काढतो. फुगवटा थोडा असेल तर तो न उतरवता आत चुन्याचं ग्राउट, म्हणजे ओतता येईल असं पातळ मिश्रण, सोडता येतं. अर्धा ते एक मीटर अंतरावर सांध्यांत नळ्या बसवायच्या, खालच्या ओळीपासून सुरुवात, उंचावरच्या बादलीतून नुसत्या उताराच्या दाबाने. वरच्या नळीतून ग्राउट दिसलं की खालची बंद. पंप लावून जोर दिला तर पदर आणखी बाहेर जातो. एका दिवसात अर्ध्या मीटरपेक्षा जास्त उंची भरू नये.

सांध्यांत सिमेंट भरलेलं असेल तर ते काढणं आलं. सिमेंट पाणी आत अडवतं, मग ओल दगडातून बाहेर पडते आणि क्षार दगडाच्या तोंडाशी जमून पापुद्रे सुटतात. जांभ्यात हे फार लवकर दिसतं: सिमेंटचा सांधा शाबूत, आणि दोन्ही बाजूंचा चिरा वाटीसारखा खाल्लेला. ग्राइंडर वापरू नका, दगडाची कड जाते. बारीक छिन्नीने, सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, पण किमान २५ मिलिमीटर खोल साफ करायचं. जिथे सिमेंट दगडाला इतकं चिकटलंय की दगडच तुटेल, तिथे ते तसंच ठेवलेलं बरं.

जोत्याभोवती ओतलेलं काँक्रीट आणि पेव्हर हा दुसरा शत्रू. जमिनीतली ओल वर निघायला जागा न मिळाल्याने भिंतीतून चढते. गावातला रस्ताही प्रत्येक डांबरीकरणात वर येतो आणि देऊळ खड्ड्यात जातं. भिंतीलगतचा मीटरभर पट्टा मोकळा करा, दोन-दोन मीटरचे तुकडे करत, पायाच्या तळापेक्षा वरच थांबत. जमिनीला देवळापासून दूर, मीटरला अडीच सेंटीमीटर उतार द्या, त्यावर खडी. गाभाऱ्याची मकरप्रणाल (अभिषेकाचं पाणी बाहेर काढणारी मगरमुखी पन्हळ) बुजलेली असेल तर अभिषेकाचं पाणी पायात मुरतंय असं समजा. बादलीभर पाण्यात कुंकू कालवून ओता आणि ते कुठून बाहेर येतं ते बघा.

पिंपळ, वड, उंबर ओढून काढू नयेत, मुळासकट दगड येतो. ॲसिड, डिझेल, हिंग हेही नको. पावसाळ्याच्या अखेरीस, झाड जोमात असताना, बुंधा कापायचा आणि काही मिनिटांच्या आत ताज्या कापावर ग्लायफोसेट हे तणनाशक लावायचं. ते परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यानेच वापरावं असा केंद्राचा आदेश २०२२ साली निघाला होता. पुन्हा फुटवा आला तर पुन्हा. मूळ पूर्ण वाळल्यावरच सांधा उघडून ते काढायचं आणि पोकळी त्याच दिवशी भरायची. पिंपळ तोडायला गाव तयार नसतं, ते समजण्यासारखं आहे. लहान रोप असेल तर आवारात दुसरीकडे पिंपळ लावून, पूजा करून मग हात लावतात, आणि त्यात काही वावगं नाही.

तुळई आणि लोखंड

४५ सेंटीमीटर बाय ४५ सेंटीमीटर, २.७ मीटर लांब तुळई दीड टनाची भरते. ती माणसांच्या खांद्यावर घेण्याची वस्तू नाही. लोखंडी तिकाटणं, तीन टनांची चेन पुली आणि नायलॉनचे रुंद पट्टे घ्या. तारेच्या दोराने कड तुटते. तुटलेली तुळई बदलायलाच हवी असं नाही. दोन्ही तुकडे जुळत असतील तर आरपार भोकं पाडून स्टेनलेस स्टीलच्या सळ्या इपॉक्सीने बसवतात. सळी ३१६ दर्जाची हवी, साधं बांधकामाचं लोखंड अजिबात नको. गंजताना लोखंडाचं घनफळ दुपटीहून जास्त होतं आणि ते दगडाला आतून फोडतं. दगडांच्या जोडांवर आधीच्या दुरुस्तीत घातलेल्या लोखंडी कड्या दिसल्या, भोवती तांबूस डाग आणि भेगा असल्या, तर त्या काढून तांब्याच्या किंवा स्टेनलेसच्या घाला. ग्रिलचं दार द्वारशाखेला (दाराच्या कोरीव दगडी चौकटीला) भोक पाडून कधीच बसवू नये. जमिनीत स्वतंत्र चौकट उभी करता येते.

नवा दगड घालावा लागला तर त्याच जातीचा, त्याच मापाचा, पण साधा ठेवावा. झिजलेल्या मूर्तीचं नाक-डोळे पुन्हा कोरू नयेत. पाथरवट कितीही हुशार असला तरी बाराव्या शतकातल्या छिन्नीची रेघ पुन्हा येत नाही, आणि जुनी होती तीही जाते.

रंग

खांबांवरचा ऑइलपेंट काढण्यासाठी सँडब्लास्टिंग करणारे सहज मिळतात. शिस्टवर चाकूचाही ओरखडा उठतो. वाळूच्या फवाऱ्याने कंगोरे तासाभरात गोल होतात. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात १० बाय १० सेंटीमीटरची चाचणी. कागदाच्या लगद्यात रंग सोडवणारं द्रावण भिजवून तो लेप प्लास्टिकने झाकून ठेवायचा, मऊ झालेला रंग बांबूच्या पट्टीने उचलायचा, नायलॉनच्या ब्रशने आणि भरपूर पाण्याने धुवायचं. थर पाच-सहा असतील तर पाच-सहा वेळा. या द्रावणांची वाफ घातक असते, बंद गाभाऱ्यात पंखा आणि मास्कशिवाय काम नको. शेवाळ आणि काजळीसाठी सौम्य अमोनिया, एक-दोन टक्के, आणि मऊ ब्रश पुरतो. हायड्रोक्लोरिक ॲसिडने दगड तात्पुरता उजळतो आणि पुढच्या पावसाळ्यात त्यातून क्षार फुटतात. रंग निघाल्यावर वर चमकदार सिलिकॉन किंवा वॉर्निश लावायचा मोह आवरा. दगडाला श्वास लागतो.

मुख्य मूर्तीवरचं शेंदराचं कवच हा गावाच्या श्रद्धेचा भाग आहे. त्याला हात लावायचा की नाही हे पुजारी आणि गावाने कौल घेऊन ठरवायचं, संवर्धकाने नाही. गाभाऱ्यात काम असेल तेवढे दिवस देव कलशात काढून बाहेर बसवतात. नित्यपूजा खंडित होत नाही.

काम झाल्यावर

पहिल्या पावसाळ्यात जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये एकेकदा मुसळधार पाऊस चालू असतानाच आत जाऊन छत बघा, नंतर बघून ओल कुठून आली ते कळत नाही. दरवर्षी मे महिन्यात छतावरचा पाला, कबुतरांची विष्ठा आणि सांध्यातली बोटभर रोपं काढायची, पन्हळी साफ करायच्या. दोन माणसांचं एका दिवसाचं काम. मुरलेला चुना एका हौदात पाण्याखाली कायम ठेवा, तो वर्षानुवर्षं खराब होत नाही, आणि भेग दिसल्याबरोबर हाताशी असतो. आराखडे, फोटो आणि चुन्याची प्रमाणं यांची एक प्रत ट्रस्टकडे, एक ग्रामपंचायतीत आणि एक पुरातत्त्व खात्याकडे द्यावी. नोंदी मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हींत असाव्यात, कारण पुढचा गवंडी कदाचित हल्याळचा असेल किंवा सौंदत्तीचा.